काळा डाग, पण वाचलेला दात

‘दुधाचे दात ते, आज ना उद्या पडायचेच. त्यांच्यावर उपचार कशाला?’ हे वाक्य आदिवासी पाड्यावर जसे ऐकू येते, तसेच शहरातील सुशिक्षित, सुस्थित घरांतूनही. मूल एका बाजूनेच चावते, भाकरी टाळून दुधात भिजवलेले बिस्किट मागते, मध्यरात्री गाल धरून रडत उठते. मग लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवला जातो. ठणका थांबला की विषय संपतो, आणि गाल सुजला की दवाखाना आठवतो. तोवर दात वाचवण्याची वेळ निघून गेलेली असते.

वस्तुतः ‘पडायचेच आहेत’ हा युक्तिवादच फसवा आहे. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात हे खरे. परंतु दुधाच्या मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. चौथ्या वर्षी किडलेली दाढ मुलाला सहा-सात वर्षे वागवावी लागते, आणि हीच त्याच्या वाढीची, शिक्षणाची वर्षे असतात. दाढ अकाली काढावी लागली, तर शेजारचे दात त्या जागेकडे सरकतात आणि कायमचे दात वेडेवाकडे येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातील सुमारे ५१ कोटी ४० लाख बालकांच्या दुधाच्या दातांना कीड आहे. इतक्या व्यापक व्याधीकडे केवळ ती जीवघेणी नाही म्हणून दुर्लक्ष व्हावे, ही खेदाची गोष्ट होय.

कीड म्हणजे काय?

सुश्रुताने दंतरोगांत ‘कृमिदंता’ची गणना केली आहे. ‘दाताला कीड लागली’ हा आपला नित्याचा शब्दप्रयोगही त्याच जातीचा. आज आपल्याला ठाऊक आहे की हा उद्योग डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाणूंचा असतो. दातावर साचलेल्या थरातील जिवाणू साखरेवर जगतात आणि आम्ल निर्माण करतात. त्या आम्लाने दाताच्या कवचातील खनिज विरघळते. लाळ हे खनिज काही अंशी परत भरून काढते. दिवसभर गोड खाणे चालू राहिले, की झीज अधिक आणि भरपाई उणी असा हिशेब होतो आणि खड्डा पडतो. फ्लोराइडमुळे भरपाईला साहाय्य होते, आणि बनलेले खनिज आम्लाला अधिक दाद देत नाही. फ्लोराइडयुक्त टूथपेस्टचा उपयोग तो हाच.

तथापि खड्डा पडल्यावर केवळ टूथपेस्ट पुरत नाही. तेथे जिवाणूंनी घर केलेले असते. त्यांना मारणे आणि मऊ झालेला दात कठीण करणे, ही दोन्ही कामे एकदम करणारे औषध हवे असते. असे औषध जपानमध्ये अर्धशतकाहून अधिक काळ वापरात आहे. त्याचे नाव सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड.

थेंबभर औषध

१९६० च्या दशकाच्या अखेरीस ओसाका विद्यापीठातील रेइची यामागा आणि मिझुहो निशिनो यांनी हे संशोधन पुढे आणले आणि १९७० साली जपानमध्ये त्याला मान्यता मिळाली. या द्रावातील चांदी जिवाणूंचा नाश करते, फ्लोराइड दाताचे खनिज पक्के करते आणि अमोनिया द्राव स्थिर ठेवतो. उपचार अत्यंत साधा आहे. दात पुसून कोरडा करायचा, ओठांना व हिरडीला व्हॅसलीन लावायचे, आणि बारीक ब्रशाने खड्ड्यात औषध लावून मिनिटभर थांबायचे. सुई नाही, यंत्राची घरघर नाही, वीजही लागत नाही.

परिणामांविषयी पुरावा भक्कम आहे. ३८ टक्के तीव्रतेच्या द्रावाने दुधाच्या दातांतील सुमारे ८० टक्के किडी थांबल्याचे अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यातून दिसले. हाँगकाँगमधील बालवाड्यांतील अभ्यासाने वर्षातून दोनदा लावल्यास गुण अधिक येतो हे दाखवले. न्यूयॉर्कच्या ४७ शाळांतील सुमारे तीन हजार मुलांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यात हे साधे औषध दातांवर लेप चढवण्याच्या अधिक खर्चिक पद्धतीपेक्षा उणे ठरले नाही. शाळेतील परिचारिकाही हे काम तितक्याच यशाने करू शकतात, हेही त्याच प्रकल्पातून पुढे आले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली आवश्यक औषधांच्या आदर्श यादीत त्याचा समावेश केला.

मर्यादाही स्पष्ट आहेत. कीड थांबते, पण खड्डा भरून येत नाही. जेथे कीड नसेपर्यंत पोहोचली आहे, रात्री ठणका लागतो, पू झाला आहे, तेथे या औषधाचा उपयोग नाही. चांदीची ॲलर्जी असणाऱ्यांना ते वर्ज्य आहे. आणि गोड खाण्याची सवय तीच राहिली, तर कीड पुन्हा डोके वर काढते.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप रंगाचा. औषध लावल्यावर किडलेला भाग कायमचा काळा पडतो. निरोगी भाग काळा होत नाही. पण पुढच्या दातावर डाग उठून दिसतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पालकांना हे आधी सांगितलेच पाहिजे आणि त्यांची संमती घेतलीच पाहिजे. मात्र सौंदर्याच्या कल्पना किती बदलत्या असतात, हेही ध्यानी घ्यावे. जुन्या महाराष्ट्रात दातवण लावून दात काळे करणे हे सौभाग्याचे चिन्ह मानले जाई, आणि जपानमध्येही विवाहित स्त्रिया दात काळे करीत. मागच्या दाढांवर तर हा डाग कोणाला दिसतही नाही. पुढे सोयीनुसार त्यावर दातासारख्या रंगाचे सिमेंट भरता येते.

दुसरा आक्षेप फ्लोराइडच्या भयाचा. हे भय निराधार नाही. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांनी पाण्यातील अतिरिक्त फ्लोराइडचे दुष्परिणाम दातांवर आणि हाडांवर भोगले आहेत. परंतु तो परिणाम वर्षानुवर्षे रोज पोटात जाणाऱ्या पाण्याचा. पाण्यात लिटरमागे दीड मिलिग्रॅम ही आपल्याकडील कमाल मर्यादा आहे. या औषधाच्या एका थेंबात जवळपास तेवढेच फ्लोराइड असते, तो थेंब अनेक दातांना पुरतो आणि वर्षातून दोनदाच लागतो. विहिरीतील विष आणि वैद्याने मोजून दिलेली मात्रा यांतला विवेक आपल्या परंपरेला नवा नाही. अर्थात द्राव तीव्र असल्याने तो प्रशिक्षित हातांतच असावा.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. श्रीमंताच्या मुलाला पांढरे फिलिंग आणि गरिबाच्या मुलाला काळा डाग, हा भेद नव्हे काय? प्रश्न रास्त आहे. ज्या दिवशी तालुक्याच्या प्रत्येक रुग्णालयात बालदंतवैद्य बसेल, त्या दिवशी तो अधिक रास्त ठरेल. आज दुर्गम पाड्यावरील मुलापुढे काळा डाग की पांढरे फिलिंग असा पर्याय नसतोच. काळा डाग की ठणका, हाच पर्याय असतो. शिवाय संपन्न देशांतही लहानग्यांना भूल देणे टाळण्यासाठी हेच औषध वापरले जाते. ते गरिबांचे दुय्यम औषध नव्हे. मात्र त्याच्या आडोशाने सरकारने दंतवैद्य नेमण्याची जबाबदारी टाळता कामा नये.

करता येण्याजोगे काम

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डॉक्टर व परिचारिका असलेली फिरती पथके अंगणवाड्यांतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी करतात. तपासायच्या व्याधींत दंतविकारांचाही समावेश आहे. कीड आढळली की पुढील उपचारांसाठी पाठवणी होते. मजुरी बुडवून, एस.टी.चे भाडे भरून, दुधाच्या दातासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी किती पालक जातील? हे औषधही वर्षातून दोनदाच लावायचे असते. जे पथक आज वहीत ‘दंतक्षय’ असे लिहून पुढच्या गावी जाते, त्याच पथकाला प्रशिक्षण, एक बाटली आणि दंतवैद्याचे मार्गदर्शन दिले, तर पाठवणीच्या जागी बहुतांश उपचार होईल. सेवावस्त्यांत आरोग्य शिबिरे भरवणाऱ्या संस्थांनीही नुसत्या दंततपासणीवर न थांबता, दंतवैद्यांना सोबत घेऊन या उपचाराचा विचार करावा. मात्र एकदा लावून पाठ फिरवू नये. सहा महिन्यांनी तेच मूल पुन्हा पाहिले गेले पाहिजे.

मध्यमवर्गीय घरांनीही यातून धडा घ्यावा. बाटलीतले गोड दूध तोंडात ठेवून मूल झोपू नये. रात्रीचे दात घासणे मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली व्हावे. तीन वर्षांखालील बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यापुढे वाटाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट पुरते. दातावर पांढुरका वा तपकिरी डाग दिसताच दाखवावे, ठणक्याची वाट पाहू नये.

उष्टावणाला बाळाच्या मुखी चांदीच्या वाटीतून पहिला घास देण्याची आपली रीत आहे. म्हणून हे औषध आपल्याकडे पूर्वीच होते, असा दावा करण्याचे कारण नाही. ते जपानी संशोधकांच्या परिश्रमाचे फळ आहे आणि त्याचा कृतज्ञतेने स्वीकार करण्यात कमीपणा नाही. पण ज्या समाजाने पहिल्या घासाचा संस्कार केला, त्याने पुढचे घास मुलाला वेदनेविना चावता यावेत एवढी काळजी तरी वाहिली पाहिजे. दात पडायचाच आहे. तो त्याच्या वेळी पडावा, कुजून नव्हे.