पुढाऱ्यांनीं आधीं आपली वही तपासावी

व्यापारी मनुष्य दर दिवाळीस आपलें वहीखातें तपासतो. बुडीत रक्कम जमेस धरीत राहिल्यास दिवाळें निघावयाचें, हें तो जाणतो. परंतु लोकांचे पुढारी म्हणविणारे आपल्या समजुतींची वही जन्मांत एकदां तरी उघडतात काय?

न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांचेंच उदाहरण घेऊं. ते विधवांच्या पुनर्विवाहाचे मोठे पुरस्कर्ते. १८७३ सालीं त्यांची प्रथम पत्नी वारली. आतां ते विधवेशींच विवाह करतील, अशी सुधारकांची अपेक्षा होती. परंतु वडिलांच्या आग्रहापुढें मान तुकवून एकतीस वर्षांच्या रानड्यांनीं त्याच सालीं अकरा वर्षांच्या कुमारिकेचें पाणिग्रहण केलें.

त्यांना ढोंगी म्हणून मोकळें होणें सोपें आहे. पण त्यांतून आपणांस बोध कांहींच मिळत नाहीं. पुनर्विवाहाविषयींचें त्यांचें मत खोटें नव्हतें. त्यांना अडविलें तें पित्याची इच्छा मोडूं नये या दुसऱ्याच समजुतीनें. ही समजूत सद्गुणाच्या वेषांत वावरते. म्हणून तिची मर्यादा कोठें संपते, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. दुर्गुणांवर आपल्या शत्रूंचा पहारा असतो. सद्गुणांची झडती ज्याची त्यानेंच घ्यावी लागते.

पुढें रानड्यांनीं घरांतील स्त्रियांचा विरोध असतांही त्या मुलीस स्वतः शिकविलें. त्याच रमाबाई पुण्याच्या सेवासदनाच्या आधारस्तंभ झाल्या. हें श्रेय मोठेंच. तथापि ज्या विधवांना त्यांच्या उदाहरणानें धीर आला असता, त्यांचें देणें तसेंच राहिलें.

आजही सभेंत समतेवर भाषण करून घरीं खोली भाड्यानें देतांना जात विचारणारे गृहस्थ आपल्या शहरांत थोडे नाहींत. “आमचें कांहीं नाहीं हो, वडीलधाऱ्यांना चालत नाहीं,” हें त्यांचें उत्तर ठरलेलें. अशांस आमची एवढीच विनंती आहे कीं, त्यांनीं मनाशीं तीन प्रश्न विचारावे: ही समजूत मला कोणीं दिली? तिच्यापायीं नुकसान कोणाचें होतें? आणि ती मोडावयाची वेळ आल्यास मी किती सोसावयास तयार आहें? हे प्रश्न प्रसंग येण्यापूर्वींच विचारले पाहिजेत. सावकार दारांत उभा राहिल्यावर वही शोधूं लागणाऱ्याचा हिशेब कधींच लागत नाहीं.