आपल्या वाट्याचे दोन सूर

नाताळच्या दिवसांत अमेरिकेतल्या गावोगावच्या चर्चमध्ये वेदीपुढे लांबलचक टेबले मांडली जातात. टेबलांवर जाड फोम, त्यावर गडद कापड आणि कापडावर ओळीने ठेवलेल्या काशाच्या घंटा. एका टोकाला मुठीत मावतील अशा, दुसऱ्या टोकाला दोन्ही हातांनी उचलाव्या लागतील अशा. मागे हातमोजे घातलेली दहा-बारा शाळकरी मुले. (हातमोजे थाटासाठी नसतात, हाताच्या घामाने कासे काळवंडते.) थोडा वेळ वादन होते, टाळ्या पडतात, फोटो निघतात आणि लोक जेवायला घरी जातात. जानेवारीत हीच मुले पुन्हा तालमीला येतात, तेव्हा त्यांच्यामागे कोण उभे असते, हा प्रश्न सणाच्या निमित्ताने विचारायला हरकत नाही.

या हातात धरून वाजवायच्या घंटा म्हणजे हँडबेल. एका घंटेत एकच सूर असतो. तीन सप्तकांच्या संचात ३७ घंटा, पाच सप्तकांच्या संचात ६१. प्रत्येक वादकाच्या वाट्याला साधारण दोन सूर आणि त्यांच्या कोमल-तीव्र घंटा येतात. पेटीच्या पट्ट्या सुट्या करून अकरा मुलांत वाटाव्यात आणि मग सगळ्यांनी मिळून एक गत वाजवावी, तसा हा मामला. घंटेचा लोलक एकाच रेषेत हलतो, त्यामुळे मनगटाच्या नेमक्या झटक्याने हवा तेव्हाच ठोका पडतो. सूर लावण्याइतकेच तो वेळेवर मिटवण्याला महत्त्व आहे. त्यासाठी घंटा खांद्याशी टेकवतात. शेजारच्याचा सूर संपला की आपला सुरू झाला पाहिजे. चाल कोणा एकाच्या हातात कधीच नसते.

हे वाद्य जन्माला आले तेच मुळी सरावासाठी. सतराव्या शतकापासून इंग्लंडात चर्चच्या मनोऱ्यातल्या घंटा क्रम बदलत बदलत वाजवण्याचा नाद लागला. सात घंटांचे ५०४० क्रम होतात. एकही क्रम दोनदा न येऊ देता ते सगळे वाजवायला तीनेक तास लागतात. एवढा सराव मनोऱ्यात करायचा म्हणजे हिवाळ्यात वादकांचे हाल आणि बाराही महिने गावाच्या कानांना ताप. म्हणून छोट्या हातघंटा आल्या आणि सराव घरात, गुत्त्यात होऊ लागला. या मनोऱ्यांचे एक भावंड आपल्या पुण्यात आहे. गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनच्या चर्चच्या मनोऱ्यात लफबरोच्या टेलर यांच्या कारखान्यात ओतलेल्या आठ घंटा याच पद्धतीने वाजवण्यासाठी बसवलेल्या आहेत. पंचहौद म्हटले की मराठी माणसाला १८९० मध्ये पुण्याच्या पुढाऱ्यांनी तिथे मिशनऱ्यांकडे घेतलेला चहा आणि त्यावरून झालेले ग्रामण्य आठवते. चहाची एवढी चर्चा झाली, घंटांची जवळपास नाहीच.

पुढे लँकेशायर-यॉर्कशायरच्या गिरणगावांत कामगारांनी हातघंटांची पथके उभारली. मँचेस्टरच्या बेल व्ह्यू बागेत १८५५ पासून त्यांच्या स्पर्धा होत. त्याआधीच, १८४० च्या दशकात, पी. टी. बार्नम या अमेरिकी खेळियाने लँकेशायरचे एक पथक अमेरिकेत नेले आणि स्वित्झर्लंडचे म्हणून खपवले. आम्हाला तर इंग्रजीच येते, लोक ओळखतील, अशी त्या बिचाऱ्यांनी तक्रार केली. तुमचे इंग्रजी ऐकून तुम्ही इंग्रज आहात अशी शंका कोणालाच येणार नाही, असे बार्नमने त्यांना समजावले, हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. अमेरिकेत हे वाद्य खरे रुजले ते मात्र मार्गारेट शर्क्लिफ या बोस्टनच्या बाईंमुळे. १९०२ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल कारखान्याकडून त्यांना घंटांचा संच भेट मिळाला. १९२३ मध्ये त्यांनी बीकन हिलवर स्वतःचे पथक जमवले आणि १९५४ मध्ये वादकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. व्हाइटचॅपलचा तो जुना कारखाना २०१७ साली बंद झाला. आज अमेरिकी शाळांत आणि चर्चमध्ये दिसणाऱ्या घंटा बहुतेक पेनसिल्व्हेनियातल्या दोन कंपन्यांच्या असतात.

गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मुलाला आधार द्यायचा म्हणजे काय, याची आपली कल्पना एकट्या मुलाभोवती फिरते. चांगला गुरू, चांगला तंबोरा, शिष्यवृत्ती, स्पर्धेतले बक्षीस. हँडबेलपुढे ही कल्पना लंगडी पडते. दोन घंटा घरी नेऊन मूल रियाज तरी कसला करणार? आख्खा संच एकट्याने वाजवणारे मोजके कलावंत आहेत, टेबलाच्या कडेने झरझर सरकत ते थक्क करतात. पण त्यांनाही आख्खा संच लागतोच. तीन सप्तकांच्या नव्या संचाची किंमत दहा हजार डॉलरांच्या बरीच पुढे जाते. सतार शिकणारे मूल तालमीला आले नाही तर नुकसान त्याचे. इथे एक मूल आले नाही, की त्याचे दोन सूर प्रत्येक ओळीतून गळतात आणि उरलेल्या दहा जणांची संध्याकाळ फुकट जाते. आणि अठराव्या वर्षी शाळा सुटते तेव्हा ट्रम्पेटवाला आपला ट्रम्पेट काखोटीला मारून जातो. हँडबेलवाला हातमोजे घेऊन जातो.

तेव्हा मदत करायची ती एका होतकरू मुलाला नव्हे, अख्ख्या टेबलाला. जपानमधल्या मिशनच्या शाळांनी हे ओळखले आहे. तिथे हँडबेलचा क्लब शाळेचा असतो, वरच्या वर्गातल्या मुली खालच्यांना शिकवतात, आणि एक तुकडी बाहेर पडली तरी टेबल रिकामे पडत नाही. अमेरिकेत संघटनेच्या काही प्रादेशिक शाखा शाळांना हँडचाइम्स उसने देतात. हे अॅल्युमिनियमच्या नळीचे स्वस्त वाद्य. नाद घंटेचा नाही, पण शिस्त तीच, आणि पडले तरी कोणाचा जीव वरखाली होत नाही. सुरुवात करायला ते पुरेसे आहे. पुढची अडचण पैशाची कमी आणि वृत्तीची जास्त. कित्येक चर्चमध्ये माणसे रोडावली, पथके मोडली आणि घंटा कपाटात कुलूपबंद राहिल्या. बनवणाऱ्या कंपन्या जुन्या संचांच्या स्प्रिंगा, मुठी बदलून, घासूनपुसून ते पुन्हा उभे करून देतात. शेजारच्या शाळेला असा संच वापरायला द्यायचा तर फक्त किल्ली द्यावी लागते. 'आमच्या आजोबांनी दिलेल्या घंटा परक्यांच्या पोरांना कशा द्यायच्या' हा विचार आड येतो. चर्च असो की देऊळ, विश्वस्तांचा स्वभाव सगळीकडे सारखाच.

देणगीदारांचेही तसेच. दिवंगत नातेवाइकाच्या स्मरणार्थ घंटा द्यायला लोक आनंदाने पुढे येतात, कारण घंटेसोबत नाव राहते. झिजलेल्या फोमला, तुटलेल्या स्प्रिंगला, आठवड्याच्या तालमीनंतर मुलांना घरी सोडणाऱ्या गाडीच्या पेट्रोलला कोणाचे नाव लागत नाही. सर्वांत वाईट स्थिती संचालकाची. अकरा मुलांचे वेळापत्रक जुळवायचे, फुटबॉलच्या प्रशिक्षकाशी भांडायचे, न आलेल्याच्या घंटा कधी स्वतः वाजवायच्या, आणि हे सारे नाममात्र मानधनावर किंवा त्याशिवाय. यंदाच्या नाताळात ज्यांना पाकीट द्यायचेच आहे त्यांनी त्यावर घंटेऐवजी संचालकाचे मानधन लिहावे, आणि एका वर्षाचे नव्हे, निदान तीन वर्षांचे.