आधी बूट, मग बोर्ड

आमच्या जालन्यात बर्फ दिसतो तो गोळ्याच्या गाडीवर! तरी मागच्या जानेवारीत गुलमर्गला स्नोबोर्ड शिकायला गेलो. भाड्याने घेताना बोर्डाच्या रंगावर भाळलो. बूट मात्र एक नंबर मोठे. बोर्ड वळतो टाचेच्या आणि चवड्याच्या दाबावर. माझी टाच बुटातच उचलली जायची... दोन दिवस नुसता आपटलो, मनगट सुजलं ते वेगळंच. तिसऱ्या दिवशी बूट बदलले: बोटं पुढे जेमतेम टेकलेली, टाच जागची हलत नाही. बाइंडिंगही त्याच मापाचं. बोर्ड तोच, पण वळायला लागला! नवशिक्याला वजनाला साजेसा, लवचिक बोर्ड पुरे. म्हणून मंडळी, पैसे मोजकेच असतील तर बूट स्वतःचे घ्या, बोर्ड भाड्याचा चालेल.