माप खरें असावें

मंगळवेढ्याच्या पेठेंत जोंधळा घेणारें गिऱ्हाईक आधीं मापाकडे पाहतें, मग दाण्याकडे. परीक्षा हें विद्येचें माप होय. तेंच खोटें ठरलें, तर खऱ्या दाण्याची किंमत ती काय राहिली?

सन २०२३ पासून राज्य शिक्षण मंडळानें प्रश्नपत्रिका दहा मिनिटें आधीं देण्याची चाल बंद केली व तीं दहा मिनिटें अखेरीस दिलीं. कारण पत्रिकेचीं छायाचित्रें हां हां म्हणतां बाहेर पसरत. २०२५ सालीं, पूर्वीं गैरप्रकार आढळलेल्या केंद्रांवर, पर्यवेक्षक परक्या शाळांचे नेमण्याचें ठरलें. कित्येक शिक्षकांस हा अपमान वाटला. आमच्या मतें हें त्यांचें कवच आहे. कारण गांवांतच राहणाऱ्या गुरुजींस ओळखीच्या पालकाचा शब्द मोडणें किती जड जातें, हें सर्वांस ठाऊक आहे.

“पोरावर थोडी दया केली तर काय बिघडलें? दामाजीपंतांनीं नाहीं का कोठार उघडलें?” असें कोणी म्हणेल. पण दामाजीपंतांनीं कोठार भुकेल्या सर्वांसाठीं उघडलें आणि त्याचा दोष आपल्या शिरावर घेतला. फुटलेली पत्रिका पैसेवाल्यास चोरून मिळते, आणि तिचा दंड रात्र जागून अभ्यास करणारें गरिबाचें पोर भरतें.

१९८२ चा कायदा आहे, मोहोरबंद पाकिटेंही आहेत. परंतु मोहोर फोडावयास लावणारा हात पुष्कळदां आपल्याच घरचा असतो. परीक्षेच्या दिवशीं पालकांनीं शाळेच्या कुंपणापासून दूर राहावें, एवढेंच आमचें मागणें आहे.