बेट उरकणारे लोक

मराठी भाषेत 'करणे' हे क्रियापद फार सोशिक आहे. आपण स्वयंपाक करतो, उपास करतो, नोकरी करतो, कर्ज करतो आणि वर कुणी विचारलंच तर 'काही करत नाही' असंही म्हणतो. ते बिचारं सगळं सोसतं. पण अलीकडे त्याच्यावर फारच बोजा पडू लागला आहे. आपण आता देश करू लागलो आहोत. "मागच्या वर्षी सिंगापूर केलं, यंदा मॉरिशस करायचंय." पाहिलं नाही, राहिलो नाही, केलं! भांडी केली, कपडे केले, मॉरिशस केलं. हात पुसले आणि पुढच्या कामाला लागलो.

वाचकहो, माझं भांडण या 'केलं'शी आहे.

भांडणाला निमित्त माझ्या मेव्हण्याचं. मेव्हणा पुण्याला असतो आणि बेत आखणं हा त्याचा धंदा नसून व्यसन आहे. दोन्ही घरांतली मिळून आम्ही नऊ माणसं मे महिन्यात मॉरिशसला जाणार असं ठरल्याबरोबर त्याने एका प्रवासी कंपनीचा कार्यक्रम मिळवला, त्यात स्वतःची भर घातली आणि रंगीबेरंगी तक्ता करून मला पाठवला. सहा रात्री, सात दिवस, अठरा पॉइंट. तक्ता इतका देखणा होता की आमचे शाखाधिकारी तो पाहते तर तिमाही अहवाल त्याच्याकडूनच करून घेते.

तिसऱ्या दिवसाचं पान वाचून मला धाप लागली. सकाळी आठ वाजता चामारेलची सात रंगांची माती. सव्वानऊला धबधबा. साडेदहाला गंगा तलाव आणि तिथली २००७ साली उभी राहिलेली शंकराची १०८ फुटी मूर्ती. बाराला 'त्रू ओ सेर्फ'. चौथ्या दिवशी 'इल ओ सेर्फ'. यातलं एक जुन्या ज्वालामुखीचं तोंड आहे आणि दुसरं समुद्रातलं बेट. कुठलं कोणतं, ते घरी परतल्यावर फोटो बघून ठरवायचं. 'सेर्फ' म्हणजे फ्रेंच भाषेत हरीण. हरणं दोन्ही नावांत बसून राहिली आहेत, धावायचं मात्र आम्ही.

आता जरा भूगोल. मॉरिशसचं मुख्य बेट साधारण १,८६५ चौरस किलोमीटर. आपला पुणे जिल्हा १५,६४३. म्हणजे एका पुणे जिल्ह्यात आठ मॉरिशस आरामात मावतील. बेटाची उत्तर-दक्षिण लांबी सुमारे ६५ किलोमीटर, म्हणजे जवळपास मोरगाव ते पुणे. आमच्या गावातून रोज पुण्याला नोकरीला जाऊन येणारी माणसं माझ्या ओळखीची आहेत. ती रोज एक मॉरिशस जातात आणि एक मॉरिशस परत येतात. त्यांच्यातल्या एकानेही अजून 'आम्ही केलं' म्हणून पेढे वाटलेले नाहीत. एवढासा देश! त्यात इतकी घाई कशाला? तो काही संध्याकाळी पाचला बंद होत नाही.

मी पडलो बी.कॉम. तक्ता हाती आला की ताळेबंद मांडल्याशिवाय मला झोप येत नाही. सात दिवसांतले जाण्या-येण्याचे दोन वजा केले, उरले पाच. दिवसाचे दहा तास धरले तर मिनिटं झाली ३,०००. त्यातून रोज गाडीत अडीच तास, म्हणजे ७५०. खाण्यापिण्याचे दोन तास, ६००. तक्त्यात 'खरेदीसाठी मोकळा वेळ' या गोंडस नावाखाली रोज दीड तास, ४५०. आणि नऊ माणसं पुन्हा गाडीत गोळा करणे, रोज एक तास, ३००. हा आकडा मी आमच्या घरातली माणसं ओळखून कमीच धरला आहे. शिल्लक मिनिटं ९००. भागिले अठरा पॉइंट. दर पॉइंटाला पन्नास मिनिटं, आणि यात स्वच्छतागृहाची रांग धरलेली नाही.

मेव्हणा म्हणाला, "दाजी, एवढे पैसे घालायचे तर ते वसूल नकोत का व्हायला?"

वसुली हा आमच्या खात्यातला शब्द आहे, म्हणून जरा अधिकाराने सांगतो. वसुली थकलेल्या कर्जाची करतात. मॉरिशसने आपलं काही थकवलेलं नाही. जप्तीला गेल्यासारखं तिथे जायचं, घरातली भांडीकुंडी मोजावीत तशी ठिकाणं मोजायची आणि यादीवर खुणा करून परत यायचं, याला सहल म्हणत असतील तर आमचे वसुली अधिकारी वर्षभर सहलीवरच असतात.

घाईत आलेला पाहुणा कसा दिसतो, हे मोरगावकराला कुणी शिकवायला नको. अष्टविनायकांतला पहिला गणपती आमचा, मयूरेश्वर. शास्त्र असं की यात्रा मोरगावला सुरू करायची, बाकीचे सात करून पुन्हा मोरगावला यायचं, तेव्हा ती पुरी होते. पूर्वी लोक असं करत, कारण त्यांना कुणी दोन दिवसांत आठ गणपतींचं तिकीट विकलेलं नव्हतं. आता गाडी येते, माणसं उतरतात आणि दर्शनाच्या रांगेतच एकमेकांना विचारतात, "पुढचा कुठला?" मंदिराला मशिदीसारखे चार मनोरे का, हे विचारायला कुणाला सवड नाही. बहुतेक गाड्या आठवा गणपती झाला की थेट घरी. सुरुवात केलेल्या गावाला परत तोंड दाखवायचं असतं, हे त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत बसत नाही.

आमच्या देवळासमोर मोठा दगडी नंदी आहे. गणपतीसमोर नंदी, म्हणजे मामला जरा वेगळाच. गावात गोष्ट सांगतात की हा नंदी शंकराच्या दुसऱ्या एका देवळासाठी घडवला होता. नेताना गाडा इथे मोडला आणि नंदी जो बसला तो उठेचना. माझ्या मते प्रवास कसा करावा हे त्या नंदीला कळलं होतं. लोक मात्र त्याच्याकडे पाठ करून स्वतःचा फोटो काढतात आणि सिद्धटेकला पळतात.

आता माझ्या खऱ्या रागाकडे येतो.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलास' नावाचं जहाज छत्तीस हिंदी मजूर घेऊन मॉरिशसला लागलं. पुढे १९२० पर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसं करारावर तिथे उतरली. त्यात मुंबई बंदरातून गेलेले आपलेही होते, रत्नागिरीकडचे, सावंतवाडीकडचे. गेले कशाला? उसाच्या मळ्यात राबायला. ऊसतोड म्हणजे काय, हे बारामती तालुक्यात कुणी समजावून सांगायला नको. दर हंगामात बीडकडच्या टोळ्या येतात, पाचटाच्या कोपींत राहतात आणि हंगाम संपला की घरी जातात. मॉरिशसच्या टोळीतले पुष्कळसे घरी गेलेच नाहीत. मध्ये समुद्र होता.

त्या माणसांनी काय केलं? इथे मात्र 'केलं' हे क्रियापद शोभतं. त्यांनी गणपती केले. हेन्रिएटा नावाच्या गावात १८९६ साली बेटावरचा पहिला गणेशोत्सव झाला, असं तिथे सांगतात. आज गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. कोकणातल्या जाखडीला ते झाकरी म्हणतात आणि अजून नाचतात. घरात बोलायला क्रिओल. मराठी शिकायची ती शाळेत आणि देवळात, हट्टाने. कितीकांच्या खापरपणजोबाचं नुसतं नावच आडनाव होऊन बसलं, तेही फ्रेंच वळणाच्या स्पेलिंगात.

राजधानी पोर्ट लुईच्या धक्क्यावर हे मजूर ज्या ठिकाणी उतरत, ते आज 'आप्रवासी घाट' म्हणून जपलेलं आहे. २००६ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवलं. मजूर ज्या सोळा पायऱ्या चढून आत आले, त्या दाखवतात. आणि त्यांची दफ्तरं मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. नाव, बापाचं नाव, गाव, जिल्हा, उंची, अंगावरची खूण. पुढेपुढे तर फोटोसुद्धा. आम्ही ज्या केवायसीसाठी गिऱ्हाइकांच्या शिव्या खातो, ती त्या कारकुनांनी दीडशे वर्षांपूर्वी करून ठेवली होती. तिथली माणसं आज त्या रजिस्टरांतून आपलं गाव शोधून काढतात. बँकेतल्या माणसाला रजिस्टराचं एवढं मोठं पुण्य दुसरीकडे कुठे बघायला मिळणार?

मेव्हण्याच्या अठरा पॉइंटांत हा घाट होता का? होता. पंधराव्या क्रमांकावर, 'गाडीतून दर्शन'. मोका नव्हतं. हेन्रिएटा नव्हतं. एकही मराठी माणूस नव्हता. मराठी आचारी मात्र होता, तोही इथूनच नेलेला. म्हणजे सहा-साडेसहा तास विमानात बसून जायचं, दुपारी पुरणपोळी खायची, रात्री पिठलं-भाकरी खायची आणि ज्यांनी पाच-सहा पिढ्या गणपती सांभाळला त्यांच्या दारावरून काचा वर करून पुढे निघायचं. तिथे रस्त्यावर दालपुरी मिळते. चण्याच्या डाळीचं सारण, दोनदोनच्या जोडीने, वर रस्सा आणि चटणी. पुरणपोळीची ही तिखटमिठाची बहीणच. पण तक्त्यात तिला जागा नाही, कारण ती पॉइंट नाही.

प्रवासी कंपन्यांशी माझं वैर नाही. तालुक्याबाहेर पाऊल न टाकलेल्या कितीतरी मावश्या-काक्या त्यांच्यामुळे समुद्रापार जाऊन आल्या, ही मोठी गोष्ट आहे. आचाऱ्याचंही मी समजू शकतो. आमच्या सासूबाईंना चतुर्थीला साबुदाणा लागतो. पण कंपनी विकते तेच, जे आपण मागतो. अठरा पॉइंटांचं पाकीट आणि आठ पॉइंटांचं पाकीट शेजारी ठेवा. आपला हात अठरावरच जातो. घाई कंपनीच्या गाडीत नाही, आपल्या हातात आहे.

म्हणून मी माझा तक्ता केला. पेन्सिलने, बँकेच्या जुन्या पावतीच्या पाठीवर. मुक्काम एकाच गावी. पहिला दिवस पोर्ट लुई आणि घाट, पायऱ्यांवर बसायला वेळ ठेवून. दुसरा दिवस मोका, आणि मेट्रो. ही रेल्वे पोर्ट लुईहून क्युरपिपपर्यंत जाते, २०२२ साली तिथवर पोचली आणि बांधली आपल्या लार्सन अँड टुब्रोने. तिसरा दिवस समुद्र; नुसता समुद्र, त्यात बसून. चौथा दिवस हेन्रिएटा. पाचवा दिवस रिकामा.

"रिकामा म्हणजे?" मेव्हण्याने विचारलं. "त्या दिवशी करायचं काय?"

"काय करायचं ते ठरलेलं नसतं, त्यालाच आमच्या शाळेत सुट्टी म्हणत."

"आणि हेन्रिएटात कुणाच्या दारात जाऊन उभं राहायचं? ओळख ना पाळख!"

रास्त प्रश्न. पण मॉरिशस मराठी मंडळी फेडरेशन नावाची संस्था तिथे आहे. महिनाभर आधी तिला पत्र लिहिता येतं, आणि तेही मराठीत. परदेशात मराठीत पत्र लिहून उत्तराची वाट बघायची सोय असे देश काही फार नाहीत. असं पत्र लिहिणं हाच खरा सहलीचा बेत. विमानाची तिकिटं काय, कुणीही काढतो.

यापुढे कुणी 'आम्ही अमुक देश केला' असं म्हणालं, तर मी त्यांचे फोटो बघायच्या आधी एकच विचारणार आहे: तिथल्या एका तरी माणसाचं नाव सांगा. हॉटेलवाल्याचं चालेल, ड्रायव्हरचं चालेल, दालपुरीवाल्याचंही चालेल. नाव आलं तर फोटो बघेन आणि चहाही पाजेन. नाही आलं, तर त्यांनी देश उरकला, एवढंच मी समजेन.

सध्या दोन्ही तक्ते आमच्या फ्रिजवर शेजारी-शेजारी लावलेले आहेत. मेव्हण्याचा रंगीत आहे, माझ्यावर चहाचा डाग आहे. सौ.ने अजून निकाल दिलेला नाही, पण तिने पाचव्या दिवसाभोवती पेन्सिलने एक गोल काढून ठेवला आहे. कंपनीकडे आगाऊ रक्कम भरायची मुदत येत्या शनिवारपर्यंत. शनिवार दुसरा, बँक बंद. आजकाल पैसे फोनवरून जातात, हे मेव्हण्याने मला दोनदा सांगितलं. तेही खरं आहे. फक्त ओटीपी माझ्या फोनवर येतो.