गेट कशासाठी असतं?

30 डिसेंबर 2016 च्या पहाटे पुण्यात कोंढव्यातल्या एका बेकरीला आग लागली. आत झोपलेले सहा कामगार मेले. शटरला बाहेरून कुलूप होतं. 9 मे 2019 ला पुण्याजवळ उरुळी देवाचीत कापडाच्या दुकानात तेच घडलं. आत पाच कामगार, कुलूप बाहेरून, पाचही गेले. असं कुलूप मालाची काळजी घेतं, आतल्या माणसाची नाही.

मी बोईसरमध्ये वाढलो, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या धंद्यात कोणाला कुठपर्यंत प्रवेश द्यायचा हा रोजचा प्रश्न. दारावरच्या सुरक्षेलाही मी तेच प्रश्न विचारतो. आत्ता आत कोण आहे? कोणाच्या परवानगीने? आणि वेळ आली तर तो किती लवकर बाहेर पडेल? आपल्याकडे सगळा खर्च चोर आत येऊ नये यावर होतो. तिसरा प्रश्न बहुतेक ठिकाणी कोणी विचारतच नाही.

तारापूर एमआयडीसीत हा जीवनमरणाचा प्रश्न आहे. 11 जानेवारी 2020 च्या संध्याकाळी कोळवड्याच्या हद्दीतल्या एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला आणि किमान आठ जण गेले. अशा वेळी अग्निशमन दलाला सगळ्यात आधी कळायला हवं की आत किती माणसं आहेत. कायम कामगारांचा आकडा हजेरीच्या मशीनमधून निघतो. पण नाक्यावरून आणलेल्या कंत्राटी मजुरांचं काय? गेटवरच्या वहीत 'मुकादम आणि सहा' एवढीच नोंद असेल, तर ते सहा कोण, दुपारी दोघे निघून गेले का, हे ढिगाऱ्यासमोर उभं राहून कोण सांगणार? ज्याचं नाव वहीत नाही, त्याला शोधायलाही कोणी जात नाही. त्याच्या घरच्यांना भरपाई मागतानाही आधी तो आत होता हेच सिद्ध करावं लागतं.

याच परिसरात तारापूरचं अणुवीज केंद्र आहे. पहिल्या दोन अणुभट्ट्या 1969 मध्ये सुरू झाल्या आणि त्याच वर्षी सीआयएसएफ उभं राहिलं. आज तिथे त्यांचाच पहारा असतो. लहान कारखान्याला तेवढा बंदोबस्त परवडणार नाही, आणि त्याची गरजही नाही. पण येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, वेळ आणि जातानाची सही यांना वही-पेन पुरतं. त्या वहीची एक प्रत गेटबाहेर, जमण्याच्या जागी ठेवली तर स्फोटानंतरही ती हाती लागते.

आता तंत्रज्ञानाचं. स्वस्तातली जुनी प्रॉक्सिमिटी कार्डं एक ठरलेला नंबर ओरडून सांगतात, आणि तो नंबर उचलणारं यंत्र सहज विकत मिळतं. मायफेअर क्लासिक या कार्डाची सुरक्षा 2008 मध्येच नेदरलँड्सच्या संशोधकांनी मोडून दाखवली. सीसीटीव्हीची गत वेगळी नाही. 2016 मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि डीव्हीआर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले होते. म्हणून कॅमेरा लावणाऱ्याला पहिल्याच दिवशी पासवर्ड बदलायला लावा. चित्रण किती दिवस राहतं हे स्वतः उघडून पाहा.

चुंबकी कुलूप वीज गेली की उघडतं. बॅटरी जोडली की ते बंदच राहतं. म्हणून ते फायर अलार्मला जोडलेलं हवं, आणि आतून हाताने उघडायची सोयही हवी.

पण गेटवर शेवटी माणूसच असतो. खासगी सुरक्षा एजन्सींच्या 2005 च्या कायद्याखालचे नियम गार्डला 160 तासांचं प्रशिक्षण द्यायला सांगतात. त्यातलं त्याला खरंच किती मिळतं? बारा तास उभं राहणाऱ्या आणि कमी पगार घेणाऱ्या माणसाकडून आपण कमांडोची अपेक्षा करतो. नियम न सांगितलेला गार्ड मग अंदाजाने काम करतो, आणि अंदाज नाव-दाढी-बुरख्यावर येऊन थांबतो. एका कंपनीच्या गेटवर आम्हा चौघांपैकी माझीच बॅग उघडली गेली, पासवरचं नाव वाचून. अपमान तर आहेच. पण इंजिनिअर म्हणून सांगतो, ही सुरक्षाही कच्चीच. गार्डचं लक्ष नावावर असेल तर पास खरा की खोटा हे तो पाहत नाही, आणि 'बरं' नाव घेऊन आलेला चोर आरामात आत जातो. झडती सगळ्यांची घ्या. तेवढा वेळ नसेल तर बटण दाबल्यावर लाल किंवा हिरवा दिवा लावणारं यंत्र ठेवा. दिव्याला धर्म कळत नाही.

ओळखपत्र दाखवायला हरकत नाही. पण गेटवर आधारच्या झेरॉक्सचा गठ्ठा कशाला साठवायचा? सुप्रीम कोर्टाने 2018 मध्येच खासगी कंपन्यांच्या आधार मागण्यावर लगाम घातला. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याचंही सूत्र हेच आहे: कामापुरतंच घ्या, काम झालं की पुसा.

हे सगळं कंपन्यांना ऐकवणं सोपं आहे. आपल्या संस्थांचं काय? पालघर-बोईसर पट्ट्यातल्या आपल्या शाळा, मदरसे, दवाखाने, मशिदी पाहा. रात्री मुलांच्या वसतिगृहाला बाहेरून कुलूप लागतं का? जुम्म्याला गर्दी असताना मागचं दार उघडं असतं, की तिथे सतरंज्या आणि खुर्च्या रचलेल्या असतात? बदलापूरच्या घटनेनंतर ऑगस्ट 2024 मध्ये शासनाने शाळांना महिनाभरात सीसीटीव्ही लावायला सांगितलं. पण मुलांजवळ जाणाऱ्या प्रत्येक माणसाची आधी चौकशी करणं हे कॅमेऱ्याचं काम नाही. ते ट्रस्टींचं आहे, आणि तिथे 'आपलाच माणूस आहे' हे उत्तर चालत नाही.

तुमच्यापैकी अनेकजण अशा संस्थांमध्ये शिकलात, काहींचे वडील-चुलते तिथे ट्रस्टी आहेत. येत्या मीटिंगमध्ये दोनच गोष्टी मागा: रात्रीच्या कुलपाची किल्ली आतल्या बाजूला असावी, आणि आत किती माणसं आहेत ते लिहिलेलं असावं. खर्च जवळजवळ शून्य आहे. नाही म्हणायला कोणाकडे कारण उरत नाही.