नाव गुप्त, पत्ता उघड

दिवेलागणीनंतर शाळा रिकामी झाली की शिपाई एकच वर्ग उघडा ठेवतो. फळ्यावर तिसरीची हातच्याची वजाबाकी तशीच असते. पोरांच्या बाकांत गुडघे कसेबसे कोंबून मोठी माणसं बसतात. कुणी रिक्षा चालवणारा, कुणी बँकेतला, कुणी निवृत्त हवालदार. एक जण उठतो, नुसतं पहिलं नाव सांगतो आणि म्हणतो, ‘मी अल्कोहोलिक.’ मग बोलू लागतो. बायकोचं मंगळसूत्र गहाण टाकल्याचं, मुलीच्या गॅदरिंगला झिंगून गेल्याचं. मध्ये कुणी तोंड घालत नाही, उपदेश करत नाही. ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या घरात हे घडून गेलेलं असतं. शेवटी पिशवी फिरते, ज्याला जमेल तो दहा-वीस रुपये टाकतो. त्यातून जागेचं भाडं आणि चहा निघतो. फी नाही. बाहेरच्या कुणाची देणगी घ्यायची नाही, हा तर दंडकच.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे ‘एए’च्या अशा सभा मुंबईत वर्षानुवर्षं शाळांच्या वर्गांत, चर्चच्या खोल्यांत भरत आल्या आहेत. माझ्या नात्यातल्या एकाबरोबर मी गेलो, तेव्हा कळलं की ती शाळा त्याच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. त्याच्या यकृतावर औषधं चालू होती, घरचे नवससायास करून थकले होते, ‘दारू सोडा’ हे त्याला ज्याने-त्याने ऐकवलं होतं. कुठे जा, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. याचा मला अजून राग येतो.

गुप्तता हवी ती माणसाच्या नावाला. सभेची जागा आणि वेळ का लपावी? या चळवळीचा जन्मच मुळी एका उघड्या पत्त्यातून झाला. मे १९३५. न्यू यॉर्कचा बिल विल्सन अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी कामासाठी आला होता. दारू सोडून त्याला काही महिने झाले होते. हातातला व्यवहार फिसकटला आणि हॉटेलच्या लॉबीत उभं असताना समोरचा बार त्याला खुणावू लागला. लॉबीतच गावातल्या चर्चची यादी लावलेली होती. त्याने फोन उचलला आणि आपल्यासारखाच एखादा दारुडा बोलायला मिळेल का, अशी चौकशी सुरू केली. एकाकडून दुसऱ्याकडे करत तो डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदापर्यंत पोचला. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले आणि दोघं तासन् तास बोलत बसले. १० जून १९३५ ला डॉक्टरांनी शेवटचा घोट घेतला. एए आपला जन्म त्या दिवसापासून मोजते. ती यादी भिंतीवर नसती तर?

‘नुसतं बोलून काय होणार?’ हा प्रश्न मलाही विचारला जातो. २०२० साली कॉक्रेन या संस्थेने सत्तावीस अभ्यास एकत्र तपासले. सलग दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत, एएकडे पद्धतशीरपणे वळवणारे उपचार इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले. आपल्याकडे पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथेही उपचार संपवून घरी गेलेल्या माणसाला वाऱ्यावर सोडत नाहीत. पाठपुराव्याच्या सभांना बोलावतात. दारू सुटते केंद्रात, पण टिकवावी लागते गल्लीत, पगाराच्या दिवशी, मेहुण्याच्या हळदीला.

तेव्हा पत्ता शोधायचा कसा? एएच्या भारतातल्या संकेतस्थळावर सभा आणि संपर्काची माहिती मिळते. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात विचारा, जवळच्या व्यसनमुक्ती केंद्रात विचारा. केंद्र सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे. जाण्याआधी सभा ‘ओपन’ आहे की ‘क्लोज्ड’, हे विचारून घ्या. ओपनला घरचे सोबत बसू शकतात. क्लोज्ड फक्त ज्यांना स्वतःची दारू सोडायची आहे त्यांच्यासाठी. मराठीत असते का, बायका येतात का, हेही विचारा. पहिल्या वेळी कुणीतरी बरोबर जावंच. एकटा निघालेला माणूस फाटकापासून परत फिरतो. एक ग्रुप पटला नाही तर दुसऱ्यात जाऊन बघावं. माणसं वेगळी, हवा वेगळी.

एक गोष्ट मात्र सभेच्याही आधीची. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी बंद केली तर हात थरथरणं, भास होणं, फिट येणं असं होऊ शकतं, जिवावरही बेतू शकतं. त्याने आधी डॉक्टर गाठावा.

आणि डॉक्टरांना माझी कळकळीची विनंती. तुमच्या दवाखान्यात मधुमेहाचा तक्ता आहे, लसीकरणाचं वेळापत्रक आहे. त्याच्याशेजारी जवळच्या सभेचा वार, वेळ आणि जागा लिहून लावा. औषधाच्या दुकानांनी, ग्रामपंचायतींनी, एसटी स्टँडवाल्यांनीही अशी पाटी लावावी. भिंतीवरची पाटी वाचताना कुणालाच आपलं नाव सांगावं लागत नाही.

बहुतेक घरांत हा पत्ता शोधते ती बायको नाहीतर आई, आणि तो म्हणतो, ‘मला काय झालंय? तूच जा.’ ताई, मग तुम्हीच जा. घरच्यांसाठी १९५१ पासून अल-अनॉन आहे, मुक्तांगणात पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे. तिथे बसायला नवऱ्याची परवानगी लागत नाही, त्याने दारू सोडलेली असावी लागत नाही. तो येईल तेव्हा येईल.